हसवत निरोप द्यायचाय? मग आधी सरांचं पालुपद वहीत उतरवा

दहावीतल्या एका वर्गप्रतिनिधीचा प्रश्न आहे: ‘आमचा निरोप समारंभ फेब्रुवारीत आहे. दरवर्षी तीच भाषणं, तीच रडारड आणि शेवटी वडापाव. यंदा आम्हाला सर-मॅडमना हसवत निरोप द्यायचाय. फिशपाँड, नकला, एखादं विडंबन असं काहीतरी. पण मोठ्या मॅडम म्हणतात, कुणाला लागलं तर जबाबदार कोण? हे नीट कसं करावं?’

थोडक्यात सांगतो. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं निरोप समारंभाचं जू माझ्याच मानेवर होतं. मराठीचा मास्तर म्हटला की सूत्रसंचालन, फलकलेखन, आभार आणि पोरांच्या नाटुकल्या त्याच्याच गळ्यात पडतात. तेव्हा या विषयात मी खाल्लेले टक्केटोणपे तुझ्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट मोठ्या मॅडमची. त्यांची भीती खोटी नाही, तिला हसू नकोस. त्यांना विनोदाचं वावडं नाही, त्यांना चिठ्ठीवर नाव नसण्याची धास्ती आहे. फिशपाँडमध्ये एक पेटी ठेवतात, कुणीही त्यात चिठ्ठी टाकतं आणि समारंभात कुणीतरी ती उचलून वाचतं. आमच्या लहानपणी याला शेलापागोटे म्हणायचे. तेव्हाही हाच घोळ होता. लिहिणारा अंधारात आणि ज्याच्यावर लिहिलं तो उजेडात. मग वर्षभराचे राग तिथे निघतात. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे: चिठ्ठीच्या मागे लिहिणाऱ्याचं नाव हवं. ते जाहीर करायचं नाही, फक्त निवड करणाऱ्या तिघाचौघांना दिसेल. त्यात दोन मुली असाव्यात आणि एक शिक्षक. पहिल्या वर्षी हा नियम लावला तेव्हा दीडशेच्या आसपास येणाऱ्या चिठ्ठ्या साठावर आल्या, आणि त्या साठांतल्या पन्नास वाचण्याजोग्या निघाल्या. मॅडमना जाऊन एवढंच सांग. परवानगी मिळेल.

आता खरा मुद्दा. नक्कल करायची ती शिकवण्याची, शिकवणाऱ्याच्या शरीराची नाही. उंची, रंग, टक्कल, पोट, बोलण्यातली अडखळ, गावाकडचा हेल, आडनाव, जात, घरची परिस्थिती हे सगळं माणूस घेऊन येतो. ‘काय समजलं?’ असं दर तीन वाक्यांनी विचारणं, खडूचा तुकडा बोटभर उरेपर्यंत न टाकणं, चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघून खिडकीबाहेरच्या झाडाशी बोलणं, हे सगळं माणूस वर्गात मिळवतो. मिळवलेल्यावर हसलं की माणसाला बरं वाटतं. कुणीतरी इतकी वर्षं आपल्याकडे लक्ष देऊन बघत होतं, हे त्याला तेव्हा कळतं.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. एका वर्षी एका पोरानं आमच्या एका सरांची नक्कल केली. सर फळ्यावर लिहिताना खडू थरथरायचा, रेघ वाकडी जायची. पोरगा गुणी होता, त्यानं ती थरथर हुबेहूब पकडली. सभागृह लोटपोट झालं. सरही हसले. रंगीत तालमीला मी हजर होतो, मीही हसलो होतो आणि ‘चालेल’ म्हणालो होतो. ती थरथर आजाराची सुरुवात होती, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. त्यानंतर सर स्वतः फळ्यावर लिहीनासे झाले. वर्गातल्या एखाद्या मुलीला उभं करायचे आणि तिच्याकडून लिहून घ्यायचे. मला ते कधी काही बोलले नाहीत. त्या पोराची चूक नव्हती, तो पंधरा वर्षांचा होता. चूक ‘चालेल’ म्हणणाऱ्याची होती. तेव्हापासून तालमीत मी एकच प्रश्न विचारतो: ही सवय सरांनी ठरवलं तर उद्यापासून सोडता येईल का? येत असेल तर घ्या, येत नसेल तर वगळा.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती मुलांना दिसत नाही. शाळेतले सगळे शिक्षक एकाच पायरीवर नसतात. कुणी शिक्षणसेवक असतो, तीन वर्षं मानधनावर. कुणी तासिका तत्त्वावर असतो, म्हणजे पुढच्या जूनमध्ये असेलच याची खात्री नाही. ‘मॅडमच्या तासाला वर्गात बाजार भरतो’ हा विनोद पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या मॅडमवर केलास तर त्याच टाळी देतील. तोच विनोद नव्या मॅडमवर, संस्थेचे पदाधिकारी पहिल्या रांगेत बसलेले असताना केलास, तर तो विनोद राहत नाही, तक्रार होते. नव्यांची थट्टा करायचीच असेल तर त्यांच्या उत्साहाची करा. पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या वह्या तपासून दिल्या, आणि दुसऱ्या महिन्यापासून स्टाफरूममध्ये वह्यांचे डोंगर कसे उभे राहिले, एवढं पुरे.

सामग्री कशी जमवायची? तुमच्याकडे आता थोडेच दिवस आहेत, पण एक वही करा. प्रत्येक शिक्षकाला एक पान. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या: त्यांचं पालुपद, त्यांची वस्तू, त्यांची चाल. पालुपद म्हणजे शब्दन् शब्द तेच वाक्य, आपल्या अंदाजानं बदललेलं नाही. ‘तुमच्या भल्यासाठी सांगतोय’ आणि ‘तुमच्या भल्याचंच सांगतोय’ यांत फरक आहे, आणि चारशे मुलं तो फरक ओळखतात. वस्तू म्हणजे डस्टर, किल्ल्यांचा जुडगा, हजेरीपट, थर्मासमधला चहा. चाल म्हणजे दारातून टेबलापर्यंत कसे येतात ते. पाच सप्टेंबरला तुम्ही शिक्षक बनून तास घेतले असतील, तेव्हा कोण कुणासारखं वागलं ते आठवा. निम्मी तालीम तिथेच झालेली असते.

मुलगे साड्या नेसून मॅडम होतात, तो प्रकार मला कधीच आवडला नाही. साडीला हशा येतो, मॅडमना येत नाही. मग त्या हशाच्या जोरावर पोरगं पाच मिनिटं काहीही करत राहतं. आमच्याकडे एका मुलीनं नुसता शाळेचा गणवेश घालून, हातात फक्त पर्स धरून मॅडम उभ्या केल्या होत्या. पर्स टेबलावर ठेवायची, उघडायची, आत बघायची, बंद करायची, आणि मग म्हणायचं, ‘कालचा गृहपाठ कोणी कोणी केला नाही, ते आपणहून उभे राहा.’ एवढंच. पर्स उघडल्याबरोबर मागच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. वाक्यापर्यंत जायची गरजच पडली नाही.

फिशपाँड लिहिताना दोन ओळी बास. पहिल्या ओळीत मोठेपणा द्यायचा आणि दुसरीत हळूच पाय ओढायचा. नमुन्याला चार देतो, आमच्याकडच्या जुन्या पद्धतीचे. तुम्ही ते तसेच वापरू नका, तुमचे सर वेगळे आहेत.

इतिहासाच्या सरांना:
पानिपत ते प्लासी सारं ज्यांच्या बोटावर,
चष्मा शोधत फिरतात ते, चष्मा असतो माथ्यावर!

विज्ञानाच्या मॅडमना:
‘नीट बघा रे प्रयोग’ म्हणती आमच्या लाडक्या बाई,
पुस्तकात लिटमस लाल होतो, आमचाच होत नाही!

पीटीच्या सरांना:
आठवड्याला दोन तास पीटीचे हो कागदावर,
शिट्टी राहते खिशामध्ये, भूमिती येते फळ्यावर!

कार्यालयातल्या भाऊसाहेबांना:
बोनाफाईड मागायला गेलो पाचवीत असताना,
‘उद्या ये’ हे ऐकतोय अजून, शाळा सोडून जाताना!

पीटीचा फिशपाँड नीट बघ. त्यात थट्टा पीटीच्या सरांची वाटते, पण चिमटा गणिताच्या सरांना बसतो, आणि खरं तर वेळापत्रकाला. असा वळसा घेता आला की सगळी स्टाफरूम हसते, कारण त्या तासाचं दुःख तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

एकेकट्या चिठ्ठ्यांपेक्षा मला आवडतात ते सामूहिक प्रकार. त्यात सगळ्यात हमखास म्हणजे उलटी प्रश्नपत्रिका. पाच वर्षं त्यांनी तुम्हाला काढून दिली, आता तुम्ही त्यांना द्या. भाषेच्या पेपरला हल्ली कृतिपत्रिका म्हणतात, तर तेच नाव ठेवा. वर बोर्डाच्या थाटात सूचना: ‘आकलनासाठी जादा वेळ मिळणार नाही. स्टाफरूममध्ये चर्चा करताना आढळल्यास कॉपी समजली जाईल.’ मग कोण कोणास म्हणाले: ‘तुमच्यापेक्षा मागची बॅच बरी होती.’ उत्तर: सगळे सर, सगळ्या बॅचना. गाळलेली जागा भरा: ‘हा प्रश्न बोर्डाला ... येतो.’ उत्तर: हमखास. (गेल्या दहा वर्षांत एकदाही आलेला नाही, हे कंसात.) जोड्या लावा: एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला वर्गातून बाहेर काढायच्या तऱ्हा. ‘सकारण लिहा: शेवटचा तास कधीही लवकर का सुटत नाही?’ कागद छापून समोर बसलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या हातात पेन्सिलीसकट द्या आणि पाच मिनिटं खरोखर सोडवायला लावा. वर्गात कडक असणारे सर शेजाऱ्याच्या कागदात डोकावताना सापडतात. तो क्षण कुठल्याही नकलेपेक्षा मोठा असतो. पर्यवेक्षक म्हणून एका सातवीच्या पोराला फिरवा.

तिला जोड प्रगतिपुस्तकाची. दहावीला लेखी ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात, आणि ते २० शाळेच्या हातात. वर्षभर या २० गुणांचा धाक दाखवला जातो, तुला सांगायला नको. तर तुम्ही शिक्षकांना अंतर्गत गुण द्या. कप्पे तुम्ही ठरवा: फळा स्वच्छ पुसणे, घंटा झाल्यावर थांबणे, एकच विनोद न कंटाळता दरवर्षी सांगणे. शेरे मात्र त्यांचेच त्यांना परत करा, अक्षरही न बदलता: ‘क्षमता आहे, प्रयत्न कमी पडतात.’ ‘वर्गात फार बोलतात.’ ‘हस्ताक्षर सुधारावे.’ आणि तळाशी ‘पालकांची सही’ अशी रेघ. एका वर्षी मुलांनी ही सही आणायला सरांच्या सौभाग्यवतींना गुपचूप बोलावलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर ती सही केली, आणि ‘घरीही हेच’ असा शेरा स्वतःच्या हातानं जोडला.

विडंबनाला आपल्याकडे तयार साचे इतके आहेत की बाहेरून आणायला नको. कीर्तन आहे, गोंधळ आहे, वासुदेव आहे, पोवाडा आहे. भारुडात तर वरवर गंमत आणि आत बोचरं खरं सांगायची सोय एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. पण निरोपाला मला सगळ्यात फिट्ट वाटतं ते मंगलाष्टक. एकतर मुलींची पाठवणी आणि मुलांची पाठवणी यांत फार फरक नाही, दोन्हीकडे जाणाऱ्यापेक्षा उरणारे जास्त रडतात. दुसरं म्हणजे चाल सगळ्यांना येते आणि ‘सावधान’ म्हणायला चारशे मुलं एका पायावर तयार असतात. पारंपरिक मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरांचं, बाराव्या अक्षरावर थांबायचं. वृत्त सांभाळा. विडंबनाची निम्मी गंमत मूळ शिस्त तशीच ठेवण्यात असते, यमक जुळवून ओढूनताणून म्हटलेलं मंगलाष्टक ऐकवत नाही. गणिताच्या सरांवर हे घे:

येती घेउनि डस्टरास गुरुजी, हाले न कोणी कुठे,
पाढे आठवती न काल शिकले, पोटात गोळा उठे,
घंटा होउनही न थांबत कधी, ‘घ्या आणखी एक हे!’
त्यांच्या त्या खडुची कृपाच बरसो, कुर्यात् सदा मंगलम्!

अक्षता म्हणून तांदूळ उधळू नका, वाया जातात आणि झाडणाऱ्या मावशी चिडतात. खडूचे रंगीत तुकडे तर नकोच, डोळ्यांत जातात. आमच्याकडे जुन्या उत्तरपत्रिकांचे कपटे केले होते. (ते नंतर मुलांनीच वेचायचे, हे आधी ठरलेलं असावं.)

माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत असते. तिनं तिकडची गंमत सांगितली. तिकडे आबिटूर नावाची शाळा संपतानाची परीक्षा असते. ती झाली की मुलं एक दिवस शाळेचा ताबा घेतात, दारं अडवतात, वर्गांत फुगे भरतात आणि शिक्षकांना खेळ खेळायला लावतात. त्या खोडीला आबिश्ट्राइख म्हणतात. दारं अडवण्याचं आपल्याकडे जमणार नाही, आपल्याकडे परीक्षा अजून व्हायची असते आणि गुण बाकी असतात! पण त्यांची दुसरी एक रीत घेण्यासारखी आहे. शाळा सोडताना ती मुलं एक अंक छापतात आणि त्यात शिक्षकांची वर्गात निसटलेली वाक्यं देतात. आपल्या शाळांत सुविचाराचा फळा असतोच. शेवटच्या आठवड्यात त्यावर रोज एक सरांचं वाक्य लिहा, खाली थोरामोठ्यांचं नाव लिहितात तसं त्यांचं नाव. ‘मी काही वेडा नाही इथे बोलायला.’ पहिल्या दिवशी सर दचकतील. तिसऱ्या दिवशी ज्यांचं वाक्य अजून आलेलं नाही ते फळ्यासमोर रेंगाळायला लागतील.

शिपाईकाकांना विसरू नका, ग्रंथपालांना नको आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना तर नकोच. आठवीपर्यंत त्यांच्या हातचं खाता आणि नववीत गेल्यावर नुसता वास घेता, एवढा एक विनोदही त्यांच्यासाठी पुरतो. आमच्या काकांना एकदा ‘काळाचे मालक’ असा किताब दिला होता, कारण मधल्या सुट्टीची घंटा ते दोन मिनिटं उशिरा द्यायचे आणि हे फक्त मुलांना माहीत होतं. किताब वाचल्यावर मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. काका पुढे वर्षभर ती गोष्ट सांगत होते.

आता व्यवस्थेचं भराभर सांगतो. तारीख पूर्वपरीक्षेचे पेपर हातात मिळाल्यानंतरची घ्या. त्याआधी शिक्षक तपासणीत आणि तुम्ही काळजीत, हसायला कुणालाच सवड नसते. हॉलतिकीट वाटायच्या दिवशी मात्र नको, त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष फोटो आणि नावातल्या चुकांकडे असतं. भाषणं आधी उरकून घ्या. गमतीचा भाग पस्तीस मिनिटांच्या वर नको. पस्तीस हा आकडा पास होण्यापुरता बरा असतो, इथेही बरा. शिक्षकांना स्टेजवर पाठीमागे खुर्च्या टाकून बसवू नका. त्यांना काही दिसत नाही आणि सगळी मुलं नकलेऐवजी त्यांचे चेहरे बघत बसतात. त्यांना समोर, पहिल्या रांगेत बसवा. मोबाइल एकच चालू ठेवा, तोही समितीच्या हातात. पूर्ण कार्यक्रमात गोड वाटणारी नक्कल वीस सेकंदांची रील होऊन पालकांच्या ग्रुपवर गेली की तिचा अर्थ बदलतो, आणि मग मोठ्या मॅडमचं म्हणणं खरं ठरतं.

ज्यांची नक्कल करणार त्यांना आधी सांगावं का? ‘सर, तुमच्यावर काहीतरी आहे’ एवढंच सांगा. संहिता दाखवू नका. दाखवलीत तर ते दुरुस्त्या सुचवतात, आणि शिक्षकांनी तपासलेला विनोद कसा लागतो ते तू संमेलनात पाहिलंच असशील.

शेवटचा प्रवेश स्वतःवर ठेवा. उशिरा येण्याची कारणं, पोटदुखीचे अर्ज, ‘वही घरी राहिली’, एकाच आजीचं तीन वेळा झालेलं निधन. पाच वर्षं शिक्षकांनी हे ऐकून घेतलं आणि मान्य केल्याचं नाटक केलं. ते नाटक तुम्हाला कळलं होतं, हे त्यांना सांगायची हीच जागा आहे. आणि यानंतर माइक शिक्षकांकडे द्या, दहा मिनिटं, फक्त उत्तर द्यायला. भेटवस्तूच्या वर्गणीतून घड्याळ मात्र देऊ नका. प्रत्येक शाळेत निरोपाची सात-आठ घड्याळं असतात आणि सगळी वेगवेगळ्या वेळी बंद पडलेली असतात. त्याऐवजी ती उलटी कृतिपत्रिका, सरांनी सोडवलेली, लाल शाईनं तपासून चौकटीत बसवून द्या. आमच्या स्टाफरूममध्ये तशी एक अजून लटकते आहे, २० पैकी ११.

मला मिळालेले फिशपाँड पुष्कळ आहेत, पण निवृत्तीच्या वर्षी मिळालेला एक पाकिटात जपून ठेवलाय. तो वाचलास की हे उत्तर एवढं का लांबलं ते तुला कळेल:

‘थोडक्यात सांगतो’ म्हणाले, सरांनी धरला खडू;
मिसरूड फुटलं, बाक मोडला, आता तरी हात जोडू?